सेंद्रिय शेती आणि गुरांचे आरोग्य : पुसा, इंदूर व हॉली येथील प्रयोगांचा इतिहास

पिकांचे आरोग्य आणि गुरांचे आरोग्य ही दोन भिन्न शास्त्रांची क्षेत्रे मानण्याची प्रथा आधुनिक कृषिसंशोधनात रूढ आहे. गव्हावरील तांबेऱ्याचा विचार कवकशास्त्रज्ञाने करावा, गोठ्यातील लाळखुरकतीचा पशुवैद्याने करावा आणि जमिनीतील नत्राचा रसायनशास्त्रज्ञाने करावा, अशी ही कामाची वाटणी होय. शेतकऱ्याच्या व्यवहारात मात्र ही वाटणी कधीच नव्हती. ज्या शेतातून कडबा येतो त्याच शेतात गोठ्यातील शेण परत जाते, आणि कडबा निकस निघाला की त्याची झळ प्रथम बैलाला लागते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या व्यावहारिक जाणिवेला शास्त्रीय प्रमेयाचे रूप देण्याचा एक प्रयत्न झाला. त्याचा आरंभ बिहारमधील पुसा येथे झाला, त्याला कार्यपद्धती लाभली ती इंदूर येथे, आणि त्याची प्रत्यक्ष कसोटी पाहिली गेली ती इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हॉली या खेड्यात, दुभत्या गाईंच्या दोन कळपांवर. या प्रयत्नातून काय सिद्ध झाले, काय सिद्ध होऊ शकले नाही, आणि ते का होऊ शकले नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पुसा येथील पार्श्वभूमी

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर त्यांनी प्रथम वेस्ट इंडीजमध्ये कवकशास्त्रज्ञ म्हणून व नंतर इंग्लंडातील वाय येथील कृषिमहाविद्यालयात वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून काम केले. १९०५ साली ते पुसा येथे नव्याने स्थापन झालेल्या कृषिसंशोधनसंस्थेत आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी मुंबई येथे त्यांचा गॅब्रिएल मॅथेई यांच्याशी विवाह झाला. गॅब्रिएल याही केंब्रिजच्या विद्यार्थिनी होत्या. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर तापमानाचा काय परिणाम होतो, यासंबंधीचे त्यांचे संशोधन विवाहापूर्वीच मान्यता पावले होते. पुढील पंचवीस वर्षांचे भारतातील बहुतेक सर्व काम या दोघांनी मिळून केले. या कामाचे श्रेय पुढे एकट्या अल्बर्ट हॉवर्ड यांच्या नावावर जमा होत गेले, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने दुरुस्त करून घेणे आवश्यक आहे.

पुसा येथील त्यांचे नियत कार्य गव्हाचे सुधारित वाण तयार करणे हे होते, आणि त्यात त्यांना उत्तम यश आले. ‘पुसा ४’ व ‘पुसा १२’ ही वाणे त्या कार्याची साक्ष होत. तथापि वाण कितीही चांगले असले तरी जमिनीची स्थिती अनुकूल नसेल तर त्याचे गुण प्रकट होत नाहीत, असे त्यांच्या ध्यानात येऊ लागले. बिहारमधील जावा निळीच्या पिकावर पडणाऱ्या मर रोगाचा अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. रोपे माना टाकीत असत. परंतु त्याचे कारण शोधताना हॉवर्ड दांपत्याने खोडापानांपेक्षा मुळांकडे अधिक लक्ष दिले. पावसाळ्यात पाणी साचून जमिनीतील हवा कोंडली जाते, त्यामुळे बारीक मुळे व त्यांवरील गाठी नष्ट होतात आणि रोपाला अन्न मिळेनासे होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. फळझाडे, अळशी व चाऱ्याची पिके यांच्या मुळांच्या रचनेवरही त्यांनी असेच परिश्रम घेतले. रोग हा बाहेरून आलेला शत्रू मानण्यापेक्षा जमीन व वनस्पती यांचा मेळ बिघडल्याची खूण मानावी, हा विचार या अभ्यासातून हळूहळू दृढ झाला.

२. बैलांविषयीचे निरीक्षण

हा विचार पिकांपुरता न राहता गुरांपर्यंत कसा पोहोचला, हे पाहण्याजोगे आहे. हॉवर्ड यांना प्रयोगांसाठी पुसा येथे सुमारे ७५ एकर जमीन मिळाली होती. आपल्या जमिनीची मशागत आपल्याच देखरेखीखालील बैलांनी व्हावी, असा आग्रह धरून त्यांनी १९१० साली सहा बैलजोड्या मिळविल्या. या बैलांना संस्थेच्या सुपीक केलेल्या जमिनीवर पिकलेला हिरवा चारा, मुरघास व धान्य देण्यात येत असे. त्यांची निगा उत्तम ठेवली जाई. परंतु त्यांना कोणतीही लस टोचली जात नसे, आणि आजारी गुरांपासून त्यांना अलग ठेवण्याचीही खटपट केली जात नसे.

त्या काळी बुळकांडी, घटसर्प आणि लाळखुरकत या रोगांच्या साथी त्या भागात वारंवार येत. हॉवर्ड यांच्या गोठ्याला लागूनच पुशाच्या मोठ्या कळपाचा गोठा होता आणि दोहोंमध्ये केवळ एक ठेंगणे कुंपण होते. या कुंपणावरून आपले बैल लाळखुरकतीने आजारी असलेल्या गुरांच्या नाकाला नाक लावताना आपण अनेकदा पाहिले, तरीही त्यांना रोग झाला नाही, असे हॉवर्ड यांनी पुढे नमूद केले. १९१० पासून पुसा येथे, उन्हाळ्यातील मुक्कामात क्वेट्टा येथे, आणि १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे हाच अनुभव आल्याचे त्यांचे म्हणणे होते. इंदूर येथे एकदा कडक उन्हाळ्यात चाऱ्याची टंचाई पडली असता काही बैलांना लाळखुरकतीची सौम्य बाधा झाली. विश्रांती व चांगला चारा मिळताच ती दूर झाली. हा अपवादही आपल्या सिद्धांताला पुष्टी देणाराच आहे, असे त्यांनी मानले.

या निरीक्षणावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष फार दूरवर जाणारा होता. सुपीक जमिनीवर निकोप पीक येते, निकोप पिकावर पोसलेले जनावर निरोगी राहते आणि अशा अन्नावर जगणारा मनुष्यही निरोगी राहतो, अशी ही साखळी होती. लाळखुरकतीसारख्या रोगाचे मूळ कुपोषणात आहे, असे प्रतिपादन करण्यापर्यंत ते गेले. हे प्रतिपादन १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या ग्रंथातून जगभर पोहोचले.

३. इंदूर : कार्यपद्धतीची सिद्धी

पुसा येथील संशोधन निरनिराळ्या शाखांमध्ये विभागलेले होते. वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या शाखेची मर्यादा ओलांडून जमीन, खत व गुरे यांचा एकत्र विचार करणे त्या व्यवस्थेत बसत नव्हते. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी हॉवर्ड दांपत्याने स्वतंत्र संस्थेची कल्पना मांडली. भारतीय मध्यवर्ती कापूस समिती व मध्य भारतातील संस्थाने यांच्या साहाय्याने १९२४ साली इंदूर येथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. होळकर संस्थानाने तिच्यासाठी ३०० एकर जमीन दिली. संस्थेचे मुख्य पीक कापूस हे असले, तरी तिचे टिकाऊ कार्य शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याच्या पद्धतीत दिसून येते.

माळव्यातील प्रश्न महाराष्ट्रातील काळ्या जमिनीच्या प्रदेशाला अगदी परिचित असाच होता. शेणाचा बराच भाग गोवऱ्या होऊन चुलीत जाई, गोमूत्र गोठ्यातच जिरून वाया जाई, आणि पऱ्हाट्या, तूरकाट्या, तण व पाला यांचा उपयोग एक तर जळणासाठी होई किंवा मुळीच होत नसे. उकिरड्यावरील खत उन्हापावसाने निःसत्त्व होई ते निराळेच. उपलब्ध शेण थोडे असताना अधिक खत कसे मिळवावे, हा त्यामुळे खरा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर ‘इंदूर पद्धत’ या नावाने प्रसिद्ध आहे. ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल अशा उतरत्या बाजूंच्या खड्ड्यात वनस्पतिजन्य काडीकचऱ्याचे थर घालावयाचे, त्यांवर शेण, गोठ्यातील मूत्र शोषलेली माती व लाकडाची राख यांचा शिडकावा करावयाचा, आणि ओलावा व हवा या दोन्हींचा मेळ राखावयाचा, असे तिचे स्वरूप होते. कठीण पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. खड्डा तीन वेळा उलथापालथ करून सुमारे ९० दिवसांत खत तयार होई. आरंभी बुरशी व नंतर जीवाणू या क्रमाने कुजण्याची क्रिया घडते; म्हणून कर्ब व नत्र यांचे प्रमाण आरंभीच योग्य ठेवणे आवश्यक असते, हे तिच्यामागील शास्त्रीय तत्त्व होय.

ही पद्धत सिद्ध करण्याच्या कामात संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांचा वाटा मोठा होता. १९३१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केलेल्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने त्यांचेही नाव आहे. पुढील काळातील सेंद्रिय शेतीच्या वाङ्मयात हे नाव फारसे आढळत नाही. परंतु ‘इंदूर पद्धत’ ही प्रयोगशाळेतील पृथक्करण आणि शेतकऱ्याचा व्यवहार यांच्या संगमातून निर्माण झाली, आणि त्या संगमाची एक बाजू वाड यांनी सांभाळली होती. गॅब्रिएल हॉवर्ड यांचे १९३० साली निधन झाले. १९३१ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी भारत सोडला.

४. निरीक्षणाची पारख

इंदूर पद्धतीचे खत आणि पुशाच्या बैलांवरून काढलेला निष्कर्ष या दोन गोष्टी एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आल्या, म्हणून त्यांचे शास्त्रीय मोल सारखे ठरत नाही. खताची पद्धत कोणालाही करून पाहता येण्यासारखी होती. चहा व कॉफीच्या मळ्यांपासून नगरपालिकांपर्यंत अनेकांनी ती करून पाहिली, आणि बंगलोर येथे सी. एन. आचार्य यांनी तिच्यात पुढे महत्त्वाचे फेरफारही केले. बैलांच्या निरीक्षणाची गोष्ट मात्र निराळी होती.

पहिली उणीव अशी की, तुलनेसाठी योग्य कळप नव्हता. शेजारच्या गोठ्यातील गुरे वय, जात, पूर्वेतिहास व काम या सर्वच बाबतींत हॉवर्ड यांच्या बैलांसारखी होती असे दिसत नाही. दुसरे असे की, ज्या प्रदेशात लाळखुरकत सदैव वावरत असते तेथील प्रौढ बैल पूर्वी केव्हातरी ती सोसून काही प्रमाणात प्रतिकारक्षम झालेले असू शकतात. शिवाय देशी गुरांमध्ये हा रोग बहुधा सौम्य स्वरूपात दिसतो. अशा बैलांना पुन्हा बाधा झाली नाही, तर त्याचे श्रेय चाऱ्याला द्यावे की पूर्वीच्या बाधेला, हे केवळ पाहून ठरविता येत नाही. तिसरी गोष्ट संख्येची. बारा किंवा चाळीस बैलांच्या अनुभवावरून साथीच्या रोगाचा नियम बांधणे धाडसाचे आहे.

बुळकांडीच्या बाबतीत तर इतिहासाने स्पष्ट निर्णय दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हा रोग आफ्रिकेत पसरला, तेव्हा चांगल्या कुरणांवर चरणारे कळपही त्याने निर्वंश केले. तेथील गुरांना या रोगाचा पूर्वपरिचय नव्हता, आणि उत्तम चारा त्यांना वाचवू शकला नाही. याउलट ज्या काळात हॉवर्ड इंदूर येथे कार्य करीत होते, त्याच काळात कुमाऊंच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथील पशुवैद्यकीय संस्थेत जे. टी. एडवर्ड्‌स यांनी शेळ्यांमधून पारित करून सौम्य केलेल्या विषाणूची लस सिद्ध केली. भारतात १९५४ साली बुळकांडी-निर्मूलनाची राष्ट्रीय योजना सुरू झाली, देशातील शेवटची नोंद १९९५ सालची आहे, आणि २०११ साली हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याची घोषणा करण्यात आली. हे कार्य लसीकरणाने व काटेकोर देखरेखीने घडले. ज्या शेतकऱ्याच्या दावणीला एकच बैलजोडी आहे, त्याच्या दृष्टीने या फरकाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. लस नाकारून चाऱ्यावर विसंबण्याची किंमत त्याने सर्वस्व गमावून दिली असती.

तरीही हॉवर्ड यांच्या निरीक्षणातील प्रश्न त्यामुळे रद्द होत नाही. निकस चाऱ्यावरील जनावर रोगाला लवकर बळी पडते व उशिरा सावरते, हे पशुवैद्यकालाही मान्य आहे. त्याच सुमारास कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी शेणखतावर व रासायनिक खतावर वाढविलेल्या धान्याच्या पोषणमूल्यांची तुलना केली होती, आणि १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत शेणखतावरील धान्य सरस ठरले होते. जमिनीच्या मशागतीत फरक केल्यास तो पिकातून जनावराच्या शरीरापर्यंत पोहोचतो काय, हा प्रश्न शिल्लक होता, आणि त्यासाठी नुसते निरीक्षण पुरेसे नव्हते. नियोजित प्रयोगाची आवश्यकता होती.

५. हॉली येथील प्रयोग

हा प्रयोग करण्याचे साहस लेडी ईव्ह बाल्फोर यांनी केले. इंग्लंडचे माजी पंतप्रधान आर्थर बाल्फोर यांच्या त्या पुतणी होत. रेडिंग येथे शेतीचे शिक्षण घेऊन त्यांनी १९१९ साली हॉली येथे शेत विकत घेतले होते. हॉवर्ड व मॅक्कॅरिसन यांच्या लेखनाने प्रभावित होऊन, शेजारच्या शेताच्या मालक ॲलिस डेबेनम यांच्या सहकार्याने, त्यांनी १९३९ साली प्रयोगाचा पाया घातला. १९४३ साली त्यांचा ‘द लिव्हिंग सॉइल’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातून निर्माण झालेल्या जागृतीमुळे १९४६ साली ‘सॉइल असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली, आणि लवकरच तिने प्रयोगाची जबाबदारी स्वीकारली.

प्रयोगाची रचना वैशिष्ट्यपूर्ण होती. जमिनीचे तीन विभाग करण्यात आले. पहिल्या सेंद्रिय विभागात गुरे होती, परंतु रासायनिक खत मुळीच नव्हते. दुसऱ्या मिश्र विभागात गुरांबरोबर रासायनिक खते व औषधांची फवारणीही होती. तिसऱ्या विभागात गुरे नव्हती. पहिले दोन विभाग प्रत्येकी सुमारे ७५ एकरांचे होते, तिसरा त्याहून लहान होता. पहिल्या दोहोंत गर्न्सी जातीच्या दुभत्या गाईंचा एकेक कळप ठेवलेला होता. प्रत्येक विभागाचे चक्र शक्यतो बंदिस्त असे. त्या विभागात पिकलेला चाराच तेथील गाईंनी खावयाचा, त्यांचे शेण त्याच जमिनीत जावयाचे, बियाणे तेथलेच वापरावयाचे, आणि नव्या गाईही त्याच कळपाच्या वासरांतून घ्यावयाच्या. पिढ्यान् पिढ्या चालणारा परिणाम, जर तो असेल तर, अशा बंदिस्त चक्रातच दिसून येईल, ही त्यामागील दृष्टी होती. एकेका पिकाच्या छोट्या वाफ्यावर केलेला प्रयोग या प्रश्नाला उत्तर देऊ शकणार नाही, असे त्यांचे मत होते, आणि ते निराधार म्हणता येत नाही.

दरमहा केलेल्या मृत्तिकापरीक्षणात एक महत्त्वाची गोष्ट दिसून आली. पिकाला उपलब्ध होणाऱ्या खनिजद्रव्यांचे प्रमाण वर्षभर स्थिर नसते. पीक वाढीच्या भरात असताना ते वाढते आणि नंतर उतरते. हा चढउतार सेंद्रिय विभागात सर्वांत ठळक होता. गाईंच्या बाबतीत, सेंद्रिय विभागातील कळपाला मिश्र विभागातील कळपापेक्षा सुमारे १२ ते १५ टक्के कमी खाद्य पुरत असे आणि तरीही दुधाच्या बाबतीत तो मागे पडत नसे, असे बाल्फोर यांनी पुढे नमूद केले. मात्र दोन्ही विभागांतील पिकांच्या रासायनिक पृथक्करणात याचे कारण सांगू शकेल असा सातत्यपूर्ण फरक आढळला नाही.

या निष्कर्षांना शास्त्रज्ञांची मान्यता का मिळाली नाही, हे समजून घेण्यासाठी रॉथॅमस्टेड येथील परंपरेकडे पाहावे लागते. तेथे १८४३ पासून खतांचे दीर्घकालीन प्रयोग चालू होते, आणि १९१९ साली तेथे आलेल्या रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगरचनेचे नवे नियम घालून दिले होते. प्रत्येक उपचाराची अनेक वेळा पुनरावृत्ती करावी आणि वाफ्यांची निवड यादृच्छिक असावी, म्हणजे जमिनीतील नैसर्गिक फरक व उपचाराचा परिणाम वेगळे करता येतात, हे त्यांचे सार होय. हॉली येथे प्रत्येक पद्धतीचा एकच विभाग होता. कळप कितीही मोठा असला आणि वर्षे कितीही लोटली, तरी या हिशेबाने ते एकच निरीक्षण ठरते. एका विभागाची जमीन मुळातच थोडी सरस असेल, किंवा बंदिस्त पैदाशीमुळे एका कळपात चांगला वंश उतरला असेल, तर तो फरक सेंद्रिय पद्धतीचाच आहे असे भासेल.

येथे दोन न्याय्य मागण्या परस्परविरोधी ठरल्या. संपूर्ण शेत हे एकक मानावे तर पुनरावृत्तीसाठी तशीच वीस शेते हवीत, आणि एवढा खर्च एका स्वयंसेवी संस्थेच्या आवाक्याबाहेरचा होता. लहान वाफे घ्यावेत तर गाय प्रयोगाबाहेर राहते. द्रव्याच्या विवंचनेत हा प्रयोग रखडत चालला आणि १९७० च्या सुमारास तो बंद पडला.

६. उत्तरकालीन संशोधन

हॉली येथील प्रश्नाचे दोन भाग पुढील संशोधकांनी वेगवेगळे करून तपासले. पिकांचा भाग स्वित्झर्लंडमधील थेरविल येथे १९७८ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन प्रयोगाने हाती घेतला. तेथे फिशर यांच्या नियमांनुसार वाफ्यांची पुनरावृत्ती होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एकवीस वर्षांच्या निष्कर्षांनुसार सेंद्रिय वाफ्यांतील उत्पन्न सुमारे २० टक्के कमी होते. परंतु खते व ऊर्जा यांचा वापर ३४ ते ५३ टक्क्यांनी कमी होता, आणि जमिनीतील सूक्ष्मजीव व मुळांशी सहजीवन करणारी बुरशी अधिक होती. ज्या सहजीवनावर हॉवर्ड यांनी उत्तरायुष्यात भर दिला होता, त्याला अशा रीतीने काटेकोर आधार मिळाला.

गाईंचा भाग प्रत्यक्ष शेतकऱ्यांच्या गोठ्यांतून तपासण्यात आला. नॉर्वेमध्ये ३१ सेंद्रिय व ९३ सामान्य कळपांची तुलना करून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कासदाह, कितनबाधा व दुग्धज्वर या तिन्हींचे प्रमाण सेंद्रिय कळपांत कमी आढळले. हॉलीप्रमाणे येथे एका शेताची अडचण नव्हती. मात्र सेंद्रिय गाई दूधही कमी देत होत्या, आणि अधिक दुधाचा ताण या रोगांना पोषक असतो हे ज्ञात आहे. शिवाय नोंदविलेला रोग म्हणजे बहुधा उपचार केलेला रोग. जेथे औषधाचा वापर जाणीवपूर्वक मर्यादित ठेवला जातो तेथे नोंदीही कमी होऊ शकतात. दुधाच्या गुणवत्तेसंबंधी २०१६ सालच्या एका व्यापक संकलनात सेंद्रिय दुधात ओमेगा-३ स्निग्धाम्लांचे प्रमाण निम्म्याहून अधिक पटीने वाढलेले आढळले. त्याचे प्रमुख कारण गाईंना मिळणारे चरण व हिरवा चारा हे होय, आणि तो चारा सेंद्रिय नसलेल्या गोठ्यातही देता येतो.

७. उपसंहार

या सर्व इतिहासातून एक गोष्ट निश्चितपणे हाती लागते. जमीन, चारा व गोठा यांचा संबंध तोडून गाईच्या आरोग्याचा विचार करता येत नाही, हे हॉवर्ड यांचे मूळ सूत्र टिकून राहिले आहे. उत्तम चारा हा साथीच्या रोगावरील कवच आहे, हे त्यांचे दुसरे सूत्र मात्र टिकले नाही. पहिले सूत्र इंदूरच्या खड्ड्यातून सिद्ध झाले, कारण ते कोणालाही पुन्हा करून पाहता येत होते. दुसरे एका कुंपणाजवळच्या निरीक्षणावर उभे राहिले आणि मुक्तेश्वरच्या लसीपुढे मागे पडले. २०१९ साली भारतात लाळखुरकतीविरुद्ध राष्ट्रव्यापी लसीकरणाची योजना सुरू झाली, तीही याच धड्याला अनुसरून.

परंतु लसीने रोग आवरला म्हणून गोठ्यातील निकस चाऱ्याचा प्रश्न सुटत नाही, आणि खड्ड्यातील खताने जमीन सुधारली म्हणून लसीची गरज संपत नाही. या दोन विधानांना एकमेकांचे शत्रू मानल्यामुळे सेंद्रिय शेतीच्या पुरस्कर्त्यांचे व टीकाकारांचेही नुकसान झाले. हॉली येथील गाईंनी विचारलेला प्रश्न, म्हणजे एकाच जमिनीच्या चक्रात अनेक पिढ्या वाढलेल्या जनावरात काय फरक पडतो, हा पुरेशा पुनरावृत्तीने अद्याप तपासला गेलेला नाही. तो तपासण्यासाठी लागणारी साधने, म्हणजे लहान शेते, देशी गुरे आणि शेणखताची जिवंत परंपरा, ज्या देशात विपुल आहेत, त्याच देशात या प्रश्नाचा उगम झाला होता, ही गोष्ट संशोधकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.